पडदा, घर आणि अभ्यास: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मोबाइल आणि इंटरनेट यांमुळे घरातले वागणे आणि मुलांचे शिकणे कसे बदलते आहे, याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. पत्र लिहिणारी आई असो, विद्यार्थिनी असो की आजी, तक्रारीच्या मुळाशी यंत्र जेवढे आहे त्याहून अधिक आहे ते समोरच्या माणसाकडून न मिळालेले उत्तर. निवडलेली पत्रे येथे संक्षेपाने दिली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. रंग, आकडे, प्राणी शिकवणारे व्हिडिओ ती रोज दोन-अडीच तास पाहते. दहापर्यंत आकडे म्हणते, म्हणून घरात सगळे कौतुक करतात. पण दोन शब्द जोडून ती अजून बोलत नाही आणि व्हिडिओ चालू असताना हाक मारली तर वळूनही पाहत नाही. हे व्हिडिओ शिकवणारे आहेत, तर ते बंद करावेत का?

उत्तर: आधी काळजीचा भाग. बहुतेक मुले दोन वर्षांच्या आसपास दोन शब्द जोडू लागतात, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र व्हिडिओ बंद असतानाही ती नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत किंवा दाखवत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि तिची श्रवण-तपासणी करून घ्या. अशा वेळी सगळा दोष मोबाइलवर टाकून वाट पाहत राहणे हे मोबाइलपेक्षाही घातक ठरू शकते, म्हणून हे सर्वांत आधी लिहीत आहे.

आता व्हिडिओंविषयी. पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना त्यांनी प्रत्येकी सुमारे २५ मिनिटांच्या १२ बैठकांमध्ये चिनी मँडरिन भाषा ऐकवली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणूस बसून बोलत होता, खेळणी दाखवत होता. काहींना तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखवले गेले. प्रत्यक्ष माणसाकडून ऐकलेली बाळे त्या भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखू लागली. पडद्यावर ऐकलेल्या बाळांमध्ये असा काही फरक पडला नाही. शब्द तेच होते, आवाज तोच होता. नव्हता तो बाळाच्या नजरेकडे पाहून थांबणारा, हसणारा, पुन्हा म्हणणारा माणूस.

तुमची मुलगी दहापर्यंत आकडे म्हणते, ते बहुधा गाण्यासारखे म्हणते. ते वाईट मुळीच नाही, पण तिच्यासमोर तीन चेंडू ठेवून ‘दोन दे’ म्हटल्यावर ती काय करते, ते पाहा. बरीच मुले या वयात ओंजळभरून सगळे चेंडू उचलून देतात आणि ते अगदी स्वाभाविक आहे. मात्र त्या क्षणी तुम्ही एक चेंडू परत घेऊन ‘हे बघ, एक... आणि दोन’ असे म्हणता, तेव्हा जे शिकणे घडते, ते कोणताही व्हिडिओ घडवू शकत नाही, कारण तिने किती चेंडू दिले हे व्हिडिओला दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलांना बैठा पडदा-वेळ मुळीच नसावा आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एका तासाहून अधिक नसावा. त्याहून कमी असेल तर उत्तमच. तुम्ही दोघेही दिवसभराच्या कामाने थकून येत असाल आणि तो तासभर तुमच्याही श्वास घेण्याचा असेल, हे मी जाणतो. म्हणून एका झटक्यात सगळे बंद करण्याऐवजी आधी रोजचा एक व्हिडिओ मुलीला मांडीवर घेऊन पाहा, मध्येच थांबवा आणि ‘हा हत्ती कुठे चालला?’ असे विचारा. तिने नुसते ‘हं’ म्हटले तरी त्यावर काही तरी बोला. उरलेला वेळ आठवड्याआठवड्याने कमी करत न्या.

प्रश्न: मुलगा नववीत आहे. गृहपाठ करताना तो चॅटबॉटला प्रश्न विचारतो. वही सुंदर असते, पायऱ्या अचूक असतात, पण चाचणीत त्याला तीच उदाहरणे येत नाहीत. विचारले तर म्हणतो, ‘बाबा, मला सगळे समजले होते.’ तो खोटे बोलतो आहे, असे वाटत नाही. मग चूक कुठे होते?

उत्तर: तो खोटे बोलत नाही, हे तुम्ही ओळखलेत, हे फार चांगले झाले. समोर मांडलेले उत्तर वाचताना ‘कळले’ असे वाटणे आणि कोऱ्या कागदावर ते स्वतः उभे करता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत; आणि पहिलीमुळे दुसरीविषयी आपली हमखास फसगत होते. पूर्वी मार्गदर्शकातले उत्तर उतरवून काढणाऱ्या मुलाची हीच गत होत असे. चॅटबॉटने फरक एवढाच केला आहे की आता प्रत्येक प्रश्नाचे, हव्या त्या भाषेत, न कंटाळता समजावलेले उत्तर क्षणात आयते मिळते, त्यामुळे कळल्याचा भास अधिक दाट होतो.

तुर्कीतील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. गणिताच्या सरावासाठी एका गटाला साधा चॅटबॉट दिला, दुसऱ्याला शिक्षकांच्या सूचनांनुसार घडवलेला, थेट उत्तर न देता इशारे देणारा चॅटबॉट दिला आणि तिसऱ्या गटाने वही-पुस्तकावर सराव केला. सरावात साध्या चॅटबॉटच्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी सरस होती. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हाच गट वही-पुस्तकवाल्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. इशारे देणाऱ्या चॅटबॉटने हे नुकसान जवळजवळ भरून काढले. साधा चॅटबॉट वापरणाऱ्या मुलांना मात्र आपण कमी शिकलो आहोत याची जाणीव झालेली नव्हती. तुमच्या मुलाचे वाक्य आठवून पाहा.

काही दिवसांपूर्वी एक मुलगी माझ्यासमोर बसून एक उदाहरण सोडवत होती: दोन संख्यांची बेरीज १५ आहे आणि गुणाकार ५६ आहे, तर त्या संख्या कोणत्या? तिने आधी ५ आणि १० घेतल्या, गुणाकार ५० आला. तो खोडून ६ आणि ९ घेतल्या, तेव्हा ५४ आला. ती थांबली. पेन्सिलचे टोक कागदावर टेकवून काही वेळ तशीच बसली आणि मग स्वतःशीच म्हणाली, ‘संख्या जवळ आल्या की गुणाकार वाढतोय.’ त्यानंतर ७ आणि ८ लिहायला तिला क्षणही लागला नाही. उत्तर ७ आणि ८ आहे हे चॅटबॉटने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सांगितले असते. पण ‘जवळ आल्या की वाढतोय’ हे त्या खोडलेल्या दोन ओळींमधून तिचे तिला सापडले होते आणि तेच गणित होते. गृहपाठाची वही स्वच्छ असावी, हा आग्रह आपण पालकांनीही आता थोडा सैल करायला हवा. मला तर खाडाखोड असलेली वही पाहिली की हायसे वाटते.

करायचे काय, तर मुलाला चॅटबॉट वर्ज्य करण्याची गरज नाही, फक्त क्रम बदला. आधी वहीत स्वतः प्रयत्न, अडला तर अडलेली ओळ दाखवून ‘उत्तर सांगू नकोस, मी कुठे चुकलो ते विचारत विचारत मला शोधू दे’ असे लिहून मदत मागणे, आणि त्यानंतर सगळे मिटवून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पुन्हा. हा शेवटचा भाग कंटाळवाणा आहे, मुले तो टाळतात, पण सगळी मेख तिथेच आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले की एखादा उतारा चार वेळा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवत होते. पण आठवड्यानंतर त्यांना जेमतेम ४० टक्के आठवले, तर एकदाच वाचून पुढे तीन वेळा न पाहता आठवण्याचा प्रयत्न केलेल्यांना ६१ टक्के आठवले. तुम्हाला गणित येत नसले तरी चालेल. रात्री पाच मिनिटे त्याच्याजवळ बसून ‘आज काय सोडवलेस ते मला समजावून सांग’ एवढेच म्हणा. समजावताना तो जिथे अडखळेल, ती जागा त्याची त्यालाच दिसेल.

प्रश्न: तेरा वर्षांच्या मुलाला दिवसाला किती तास मोबाइल द्यावा? आमच्याकडे यावरून रोज खडाजंगी होते.

उत्तर: या वयासाठी सर्वांना लागू पडेल असा तासांचा आकडा मी देणार नाही, कारण तो आकडा भांडणाला निमित्त पुरवतो आणि मूळ प्रश्नाला हात घालत नाही. ऑर्बेन आणि प्शिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली, तेव्हा त्यांच्या मनःस्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लावता आला. याचा अर्थ मोबाइल निरुपद्रवी आहे असा नव्हे. सरासरीत काही मुलांचे मोठे नुकसान आणि काहींचा फायदा दोन्ही बुडून जातात. तेव्हा सरासरीकडे न पाहता आपल्या मुलाकडे पाहावे, असा मी त्याचा अर्थ घेतो.

म्हणून तास मोजण्याऐवजी मोबाइलने काय ढकलून बाहेर काढले आहे, ते मोजा. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, ती होते का? तो रोज घामाघूम होईपर्यंत खेळतो का? घरी मित्र येतात का? झोपेविषयी मी हटून सांगेन: रात्री मोबाइल मुलाच्या खोलीत नको, आणि तुमच्याही उशाशी नको. झोपण्यापूर्वी प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली आणि सकाळी ते अधिक पेंगुळलेले होते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्यात अवघे १२ जण होते, त्यामुळे एकट्या त्यावर भिस्त ठेवू नये. पण घरोघरी खरी झोप जाते ती प्रकाशापेक्षा ‘आणखी एकच’ या मोहाने, आणि तो मोह मुलाच्या दुबळेपणातून आलेला नाही. पडद्यावर सरकवत गेले तरी न संपणारे पान २००६ मध्ये अझा रास्किन या संगणक-रचनाकारांनी रचले आणि पुढे स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. पुस्तकाचे प्रकरण संपते, खेळाचा डाव संपतो. ज्याला शेवटच नाही, ते बंद करायला मोठ्या माणसांनाही जड जाते. हे मुलाला दोषी न ठरवता समजावून सांगा आणि मग शेवट कुठे करायचा ते दोघांनी मिळून, पाहायला सुरुवात करण्याआधी ठरवा. मध्येच येऊन हातातून मोबाइल हिसकावणे हा खडाजंगीचा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

प्रश्न: मी पंधरा वर्षांची आहे. आईबाबा मला सतत मोबाइल ठेव म्हणतात, पण मी काही सांगायला गेले की दोघेही आपापल्या मोबाइलमध्ये असतात आणि ‘हं, बोल, ऐकतेय’ म्हणतात. परवा मी आईला शाळेतली एक फार महत्त्वाची गोष्ट सांगत होते. ती मध्येच हसली, पण माझ्या गोष्टीला नाही, पडद्यावरच्या कशाला तरी. मी पुढचे सांगितलेच नाही. मी चुकले का?

उत्तर: नाही, तू चुकली नाहीस. तुझे पत्र मी तीनदा वाचले.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. आई आपल्या तान्ह्या बाळाशी हसतखेळत बोलत असते आणि मग काही मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवून बाळाकडे नुसती पाहत राहते. बाळ आधी हसून तिला खुणावते, हात पुढे करते, आवाज काढते, आणि काहीच उत्तर येत नाही असे दिसल्यावर तोंड फिरवते किंवा रडू लागते. त्या वेळी घरात मोबाइल नव्हते. तू पुढचे सांगितले नाहीस, तेव्हा तूही तोंडच फिरवलेस. समोरचे माणूस जवळ असून उत्तर देत नाही, हे कोणत्याही वयात सोसणे कठीण असते.

तरीही एक सांगतो. आईला बहुधा कळलेलेही नसेल. मोबाइलमध्ये असलेल्या माणसाला आपण ऐकतो आहोत असे खरोखरच वाटत असते. म्हणून तक्रारीच्या सुरात नको, पण तिला हा प्रसंग जसा मला लिहिलास तसाच सांग. त्या हसण्यासकट सांग. बोलणे जमत नसेल तर चिठ्ठी लिही. आणि ती राहिलेली गोष्ट तुला त्रास देणारी असेल, तर आईची वाट न पाहता ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे, त्याला ती आजच सांग.

या मुलीच्या वयाची मुले ज्यांच्या घरी आहेत, त्या पालकांना हात जोडून एक विनंती. मूल बोलायला आले आणि तुम्हाला खरोखरच महत्त्वाचे काम असेल, तर ‘दहा मिनिटे दे, मग मोबाइल ठेवून ऐकतो’ असे म्हणा आणि दहा मिनिटांनी स्वतः उठून त्याच्याकडे जा. अर्धवट ऐकण्यापेक्षा मुलांना हे थांबणे सहज पचते.

प्रश्न: पाठ्यपुस्तके पडद्यावर वाचावीत की छापील?

उत्तर: गोष्टी, कथा कशावरही वाचा. अभ्यासाचा, माहितीचा मजकूर मात्र शक्य तिथे कागदावर वाचावा, विशेषतः वेळ कमी असेल तेव्हा. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचा आणि १,७०,०००हून अधिक वाचकांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अशा मजकुराचे आकलन कागदावर सरस ठरले. कथात्म मजकुरात तसा फरक दिसला नाही. ज्यांना छापील पुस्तक मिळणेच अवघड आहे किंवा ज्यांना अक्षर मोठे करून वाचावे लागते, त्यांनी या वाक्यामुळे बिलकूल खट्टू होऊ नये. पडद्यावर वाचताना हाताशी वही ठेवून दर पानानंतर न पाहता दोन ओळी लिहिल्या, तर बरेच काही साधते.

प्रश्न: आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर काका रोज आजारांवरचे हमखास उपाय पाठवतात. ते चुकीचे आहे असे गटावर लिहिले तर ते दुखावतात, न लिहिले तर एखादा खरेच औषध बंद करेल, अशी भीती वाटते. काय करावे?

उत्तर: गटावर सर्वांसमोर काकांना खोडून काढू नका. चारचौघांत चूक दाखवली की माणूस मजकुराची नव्हे, स्वतःच्या मानाची बाजू लढवू लागतो. त्यांना फोन करा, आणि सुरुवात ‘काका, तुम्ही आमच्या काळजीनेच पाठवता’ अशी करा, कारण ते बहुतेक वेळा खरेच असते. मग ‘हा संदेश आपण दोघे मिळून तपासू या का?’ असे विचारा.

तपासायचे कसे, याविषयी सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेले काम उपयोगी आहे. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थ्यांना अपरिचित संकेतस्थळे पारखायला दिली. विद्वान इतिहासकार आणि हुशार विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचत राहिले, त्याची मांडणी आणि बोधचिन्ह पाहून अनेकदा फसले. तपासनीस मात्र काही क्षणांतच त्या पानावरून बाहेर पडले आणि याच्यामागे कोण आहे, इतर लोक याविषयी काय म्हणतात, हे दुसरीकडे शोधू लागले. फसव्या पानाला त्याच्याच तोंडून साक्ष विचारण्यात अर्थ नसतो. हे काकांना एकदा शेजारी बसून करून दाखवा. संदेशावर दुहेरी बाण आणि अनेकदा पुढे पाठवल्याची खूण असेल, तर तो लिहिणारा आपल्या ओळखीचा नाही, हेही त्यांना दाखवा. औषध थांबवा किंवा बदला असे सांगणारा संदेश मात्र अपवाद समजा. तिथे भीड न ठेवता गटावर लगेच लिहा, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही औषध बंद करू नये. त्यात काकांचे नाव घेण्याची गरज नाही.

प्रश्न: नात दूर देशी राहते, अडीच वर्षांची आहे. व्हिडिओ कॉलवर ती दोन मिनिटांत पळून जाते. माझ्याशी तिचे नाते जुळेल का?

उत्तर: जुळेल, आजी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या माणसाकडून नवी क्रियापदे शिकली, प्रत्यक्ष भेटलेल्या माणसाकडून शिकावीत तशीच. आधीच चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओतून मात्र शिकली नाहीत. पडदा दोन्हीकडे होता, पण कॉलवरचे माणूस त्यांना उत्तर देत होते.

या वयाचे मूल गप्पा मारायला बसत नाही, म्हणून ‘कशी आहेस, काय केलेस’ हे विचारू नका. दोघींकडे सारखेच चित्रांचे पुस्तक असू द्या. तुम्ही पान उलटलेत की तीही उलटेल. पदराआड तोंड लपवा आणि ती ‘आजी कुठे?’ म्हणेपर्यंत तशाच थांबा. ती पळून गेली तर कॉल बंद करू नका. मुलीला किंवा सुनेला मोबाइल खेळण्यांजवळ जमिनीवर उभा करून ठेवायला सांगा आणि तुम्ही आपले काम करत बसा. पाच मिनिटांनी ती एखादी बाहुली घेऊन पडद्याजवळ येईल आणि ती बाहुली थेट कॅमेऱ्यावरच धरेल, इतकी जवळ की तुम्हाला काहीच दिसणार नाही. तेव्हा तिला विचारा, ‘हिचे नाव काय?’